तिसऱ्या बेसखाली गाडलेले घर

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात 'चावेझ रविन' हे नाव उच्चारले की अनेक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहत असे. ते म्हणजे डॉजर्स संघाचे भव्य बेसबॉल मैदान. १९६२ ते १९६५ या काळात त्याच मैदानावर खेळणारा एंजल्स हा दुसरा संघ तर त्याचा उल्लेख 'चावेझ रविन स्टेडियम' असाच करीत असे. क्रीडापत्रकारांनी हे नाव मैदानाचे टोपणनाव म्हणून इतके रुळविले की, त्या टेकड्यांवर मैदान होण्यापूर्वी काय होते, असा प्रश्न विचारण्याचे कारणच कोणाला उरले नाही. एखाद्या गावाची घरे पाडता येतात, हे सर्वज्ञात आहे. परंतु गावाचे नाव गावापासून काढून घेऊन ते त्याच्या थडग्यावर उभ्या राहिलेल्या वास्तूला बहाल करणे, हा विस्मरणाचा अधिक पक्का बंदोबस्त होय.

हा बंदोबस्त मोडून काढण्याचे काम एका वयस्क गिटारवादकाने केले. राय कूडर यांचा 'चावेझ रविन' हा अल्बम जून २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. सुमारे तीन वर्षे खपून त्यांनी पंधरा गीतांची एक मालिका सिद्ध केली आणि तिच्यातून लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या नागरिकांची एक नामशेष वस्ती पुन्हा उभी केली. संगीताच्या बाजारात दरवर्षी हजारो अल्बम येतात आणि जातात. तरीही या एका अल्बमकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे, कारण एखादी संस्कृती 'लोप पावली' असे म्हणताना समाज नेमके काय लपवीत असतो, हे त्याने उघड केले आहे.

वडीलधाऱ्यांपाशी बसलेला वादक

भारतीय रसिकांना कूडर हे नाव अपरिचित नाही. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेसोबत त्यांनी स्लाइड गिटार वाजविली, ती १९९२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाली. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी होते. फारशी पूर्वतयारी नसताना झालेल्या या वादनाचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हा अल्बम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९४ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. रविशंकरांच्या शिष्याच्या नावाची ओळख जगभरच्या श्रोत्यांना होण्यात त्या मुद्रणाचा वाटा मोठा होता.

कूडर यांचा जन्म १९४७ साली लॉस एंजेलिसमध्येच झाला. त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम १९७० मध्ये आला. त्यानंतरच्या कारकिर्दीकडे पाहिले असता एक सूत्र ठळकपणे दिसते. हा वादक रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहण्यापेक्षा कोणा बुजुर्गाच्या शेजारी बसणे पसंत करतो. १९७६ च्या 'चिकन स्किन म्युझिक'मध्ये टेक्सासचे ॲकॉर्डियनवादक फ्लाको हिमेनेझ आणि हवाई बेटांचे गिटारवादक गॅबी पहिनुई त्यांच्यासोबत होते. १९९४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या अली फार्का तूरे यांच्यासोबत 'टॉकिंग टिंबक्टू' आला. १९९६ मध्ये ते क्यूबाची राजधानी हवाना येथे गेले आणि विस्मृतीत गेलेल्या वृद्ध गायकवादकांना एकत्र करून त्यांनी 'बुएना व्हिस्ता सोशल क्लब' हा अल्बम घडविला. १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि इब्राहिम फेरेर, कोंपाय सेगुंदो, रुबेन गोन्झालेझ ही सत्तरी-नव्वदीच्या दरम्यानची माणसे जगप्रसिद्ध झाली.

टेक्सास, हवाई, जयपूर, माली, हवाना एवढा प्रवास करून आलेल्या या माणसाला एक गोष्ट फार उशिरा जाणवली असावी. ज्या शहरात आपण जन्मलो, त्याच शहराच्या पोटात एक गाणे गाडले गेले आहे आणि ते ऐकावयास आपण गेलोच नाही! चावेझ रविनमधील घरे उठविली जात होती तेव्हा कूडर लहान मुलगा होते आणि त्याच महानगराच्या दुसऱ्या टोकाला, सांता मोनिकात, वाढत होते. जगभरच्या मातीचा धांडोळा घेतल्यानंतर स्वतःच्या अंगणातील माती उकरावयास घेणे, हा त्यांच्या कारकिर्दीचा स्वाभाविक पुढचा टप्पा होता.

टेकडीवरील गाव

ज्या वस्तीची ही कथा आहे, तिचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे. लॉस एंजेलिसच्या नगरभवनापासून अगदी जवळ, टेकड्यांच्या कुशीत पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वाड्या होत्या. एकोणिसाव्या शतकातील हुलियन चावेझ नावाच्या नगरसेवकावरून त्या परिसराला नाव पडले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे हजाराहून अधिक कुटुंबे राहत होती आणि त्यांपैकी बहुतांश मेक्सिकन वंशाची होती. ती तेथेच का राहिली, यालाही कारण होते. शहराच्या इतर अनेक भागांतील घरांच्या खरेदीखतांत, हे घर गोऱ्याखेरीज अन्य कोणास विकू नये, अशी अट घातलेली असे. अशी अट न्यायालयांना अमलात आणता येणार नाही, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावयास १९४८ साल उजाडावे लागले. तोवर ज्यांना शहराने दारे लावून घेतली, त्यांनी टेकडीवर आपले गाव वसविले होते.

रस्ते बव्हंशी कच्चे होते. परसात भाजीपाला, कोंबड्या आणि शेळ्या होत्या. वस्तीची स्वतःची शाळा होती, स्वतःचे चर्च होते आणि सणाच्या मिरवणुका होत्या. मुख्य म्हणजे घरांपैकी पुष्कळशी राहणाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. भाड्याच्या खुराड्यातील अगतिक गरिबी आणि स्वतःच्या उंबरठ्यावरील गरिबी यांत जे अंतर असते, ते येथे होते. १९४८-४९ मध्ये डॉन नॉर्मार्क नावाचा एक कोवळा छायाचित्रकार शहराचे दृश्य टिपण्यासाठी उंच जागा शोधीत त्या टेकड्यांवर पोहोचला आणि गावच पाहत राहिला. त्याने काढलेली छायाचित्रे पुढे सुमारे अर्धशतक पडून राहिली. १९९९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्या पुस्तकानेच कूडर यांना या कामाची प्रेरणा दिली.

या वस्तीची एक सांस्कृतिक ओळखही होती. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन तरुणांनी स्वतःची एक तऱ्हा घडविली होती. त्यांना 'पाचुको' म्हणत. रुंद खांद्यांचा लांब कोट, घोट्याशी आवळलेली ढगळ विजार, स्पॅनिश व इंग्रजीची मोडतोड करून घडविलेली 'कालो' ही बोली आणि त्या बोलीतील नाचरी गाणी, असा तो थाट होता. स्वतःच्या आईबापांच्या देशात परके आणि जन्मलेल्या देशातही परके, अशा तरुणांनी आपल्यासाठी निर्माण केलेले ते तिसरे घर होते. जून १९४३ मध्ये नौसैनिकांनी आणि त्यांच्यासोबतच्या जमावांनी या पोशाखातील तरुणांना रस्त्यांवर गाठून मारहाण केली, त्यांचे कपडे फाडले. या टेकड्यांच्या कडेलाच नौदलाचे प्रशिक्षण केंद्र होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. अल्बममधील 'ओंदा कायेहेरा' हे गीत त्या दंगलीचे आहे.

सद्हेतूचा नांगर

चावेझ रविनचा नाश कोणी केला, असे विचारले तर सामान्यतः बेसबॉलच्या धंद्याकडे बोट दाखविले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच अधिक बोधप्रद आहे.

१९४९ मध्ये अमेरिकी संसदेने गृहनिर्माणाचा कायदा केला. झोपड्या हटवून गरिबांसाठी सार्वजनिक घरे बांधावीत, हा त्याचा हेतू होता. लॉस एंजेलिसच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने चावेझ रविनची निवड केली. रिचर्ड नॉइट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या नामवंत वास्तुशिल्पींनी आराखडा केला. तेरा मजल्यांच्या २४ इमारती, शंभरांहून अधिक दुमजली इमारती आणि तीन हजारांहून अधिक घरे! जुलै १९५० मध्ये रहिवाशांना पत्रे गेली. जागा विकावी लागेल, मात्र नवी घरे तयार झाल्यावर पहिला हक्क तुमचाच राहील, असे त्यांना सांगण्यात आले. बहुतेकांनी मिळेल त्या किमतीला घरे सोडली. १९५२ पर्यंत वाड्या जवळजवळ ओस पडल्या होत्या.

या योजनेमागील प्रमुख कार्यकर्ते फ्रँक विल्किन्सन हे कोणी लबाड कंत्राटदार नव्हते. गोरगरिबांना चांगली घरे मिळावीत, यासाठी ते मनापासून झटत होते. परंतु सार्वजनिक घरे म्हणजे साम्यवादाची घुसखोरी, अशी हाकाटी जमीन-व्यवसायातील हितसंबंधीयांनी सुरू केली. १९५२ मध्ये जमीन संपादनाच्या सुनावणीत विल्किन्सन यांना त्यांच्या राजकीय संबंधांविषयी प्रश्न विचारण्यात आला. त्यांनी उत्तर देण्यास नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. पुढे संसदेच्या चौकशी समितीसमोरही त्यांनी तोच पवित्रा घेतला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची शिक्षा कायम केली आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. तपास यंत्रणेने त्यांच्यावर ठेवलेल्या पाळतीची कागदपत्रे १ लाख ३२ हजार पानांची होती, हे कालांतराने उघड झाले. त्यांच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. मात्र ज्या अन्यायाचे निमित्त ते स्वतः झाले, तो त्यांना अखेरपर्यंत सलत राहिला. एका नांदत्या गावाला आपण उठविले, ही त्यांच्या लेखी आयुष्याची शोकांतिका होती. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. कागदावर ती वस्ती 'मोडकळीस आलेली' होती. सुधारकाला तेथे अनारोग्य दिसले, बिल्डरला जमीन दिसली, राजकारण्याला मतदारसंघ दिसला. तेथे एक गाव आहे, त्याला स्वतःची घडी आहे, हे यांपैकी कोणालाच दिसले नाही. चांगल्या हेतूने आलेला नांगरही नांगरच असतो. त्याच्या फाळाखाली मुळे तुटावयाची ती तुटतातच.

गरिबांची घरे ते बेसबॉलचे मैदान

१९५३ मध्ये सार्वजनिक घरांना विरोध करून नॉरिस पॉल्सन महापौर झाले. योजना गुंडाळण्यात आली. ओस पडलेली जमीन, सार्वजनिक कामासाठीच वापरली जाईल या अटीवर, केंद्र सरकारकडून शहराच्या हाती आली. ज्यांना परत येण्याचे वचन दिले होते, त्यांच्यासाठी परतण्याजोगे काही उरले नाही.

त्यानंतर १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांच्याशी शहराने करार केला. शहरातील एका लहान मैदानाच्या बदल्यात त्यांना चावेझ रविनची विस्तीर्ण जागा देण्याचे ठरले. खासगी मालकाचे क्रीडांगण हे सार्वजनिक काम कसे, असा प्रश्न उपस्थित झाला. ३ जून १९५८ रोजी सार्वमत घेण्यात आले आणि करार अल्प बहुमताने मान्य झाला. जानेवारी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो वैध ठरविला.

अद्याप काही मोजकी कुटुंबे जागा सोडावयास तयार नव्हती. त्यांतील अरेचिगा कुटुंब १९२३ पासून पालो व्हेर्दे वाडीत राहत होते. ८ मे १९५९ रोजी शेरीफचे शिपाई आले. घरातील एका मुलीला हातापायांना धरून उचलून बाहेर काढण्यात आले आणि लगोलग बुलडोझरने घर भुईसपाट केले. हे दृश्य दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिले. वृद्ध दांपत्य त्याच जागी तंबू ठोकून राहिले. त्यानंतर या कुटुंबाची अन्यत्रही घरे आहेत, असे वृत्त प्रसिद्ध झाले आणि जनतेची सहानुभूती ओसरली. जणू दुसरे घर असलेल्याला पहिल्या घरावर प्रेम करण्याचा अधिकारच नसतो! सप्टेंबर १९५९ मध्ये बांधकामाचा मुहूर्त झाला आणि १० एप्रिल १९६२ रोजी ५६ हजार आसनांचे मैदान खुले झाले. टेकड्या कापून दऱ्या भरण्यात आल्या. पालो व्हेर्देच्या प्राथमिक शाळेचे छप्पर काढून तिच्या खोल्या मातीने भरण्यात आल्या आणि ती इमारत तशीच जमिनीखाली पुरली गेली.

कोणाचा आवाज?

हा इतिहास पुस्तकांत आला आहे, त्यावर माहितीपटही निघाला आहे. मग गाण्यांनी त्यात कोणती भर घातली? याचे उत्तर अल्बमच्या रचनेत आहे.

कूडर यांनी या कथेत कोणालाही मुका ठेवलेले नाही. 'पुअर मॅन्स शांग्रि-ला' या पहिल्याच गीतात गरिबांचे ते नंदनवन श्रोत्यापुढे उलगडते. 'मुई फिफी'मध्ये नटव्या पाचुको तरुणावरून घरात झडणारा मायलेकींचा खटका आहे. 'कोरिदो दे बोक्सेओ'मध्ये कार्लोस आणि फाबेला चावेझ या मुष्टियोद्ध्या भावांची कीर्ती गायिली आहे. कोरिदो म्हणजे मेक्सिकोचे कथागीत. आपल्याकडे पोवाडा जे कार्य करतो, ते तिकडे कोरिदो करतो. 'डोंट कॉल मी रेड' हे गीत विल्किन्सन यांच्या छळाचे आहे. तबकडीतून उतरलेला एक परग्रहवासीही या कथेत येतो आणि बुलडोझर येणार असल्याचा इशारा देतो. गावावर काय कोसळणार आहे, हे गावाखेरीज साऱ्यांना ठाऊक होते, हा त्यातील विनोद चटका लावणारा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पाडणाऱ्यांनाही येथे गीते मिळाली आहेत. 'इन माय टाउन'मध्ये सत्तेच्या खिडकीतून शहराकडे पाहणाऱ्या माणसाचे मनोगत आहे. त्याला शहर स्वच्छ हवे आहे आणि त्याच्या स्वच्छतेच्या कल्पनेत ही माणसे बसत नाहीत. 'इट्स जस्ट वर्क फॉर मी' हे तर बुलडोझर चालविणाऱ्याचे गीत आहे. त्याचे म्हणणे साधे आहे. हुकूम दुसऱ्याचा, आपण केवळ मजुरी करतो. ही दोन गीते ऐकताना श्रोत्याला संतापाची सोय मिळत नाही. गावे राक्षस पाडीत नाहीत. सही करणारा, नकाशा काढणारा आणि यंत्र चालविणारा, अशी आपापले काम नेटकेपणाने करणारी माणसे ती पाडतात आणि त्यांतील प्रत्येकाला वाटत असते की, अपराध आपला नाही.

आणि मग येते 'थर्ड बेस, डॉजर स्टेडियम'. हवाईचे गायक ब्ला पहिनुई यांनी, म्हणजे ज्यांच्याकडून कूडर यांनी १९७० च्या दशकात हवाईचे सूर घेतले त्या गॅबी पहिनुई यांच्या पुत्राने, ते गायिले आहे. गीतातील माणूस मैदानावर मोटारी उभ्या करून देण्याचे काम करतो. भोवतालच्या वाहनतळावर सुमारे सोळा हजार मोटारी मावतात. आपले घर कोठे होते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर आहे, आत, तिसऱ्या बेसच्या जागी. खेळाडू धावत येऊन जेथे पाय टेकवितो, तेथे याचा उंबरठा होता. गीतात आक्रोश नाही, वाद्यांचा गजर नाही. जन्मभूमीवर उपऱ्यासारखी चाकरी करणाऱ्या माणसाचा तो शांत स्वर ऐकल्यावर मैदानाकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे कठीण होते. स्मारकशिलेला जे साधले नसते, ते या एका गीताला साधले आहे.

वेळेशी शर्यत

या अल्बमचे सर्वांत मोठे पुण्य मात्र वेगळेच आहे. पाचुको काळाविषयी गाणारे नवे गायक कूडर यांना सहज मिळाले असते. त्यांनी त्या काळाचे प्रत्यक्ष मानकरीच शोधले. डॉन टोस्टी यांनी १९४८ मध्ये 'पाचुको बुगी' गाजविले होते. लालो गेरेरो यांनी 'लोस चुकोस सुआवेस' हे मूळ गीत १९४० च्या दशकाच्या अखेरीस गायिले होते. १९७८ च्या 'झूट सूट' या नाटकात त्यांच्या गीतांचा वापर झाला आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक त्यांना देण्यात आले. आयुष्याच्या अगदी सायंकाळी हे दोघे ध्वनिमुद्रणासाठी आले. त्यांच्या मागच्या पिढीतील लिटल विली जी. आणि एर्सी आर्विझू हे पूर्व लॉस एंजेलिसचे गायकही त्यांच्यासोबत होते.

टोस्टी ऑगस्ट २००४ मध्ये गेले. गेरेरो मार्च २००५ मध्ये गेले, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. अल्बम जूनमध्ये आला. म्हणजे दोघांनीही आपले गाणे सुपूर्द केले, पण ते लोकांपर्यंत पोहोचलेले पाहिले नाही. कूडर यांनी आणखी दोन वर्षे चालढकल केली असती, तर हा अल्बम कदाचित निघाला असता, परंतु तो साक्षीचा राहिला नसता, अनुकरणाचा झाला असता.

गेरेरो यांच्या 'बारियो वियेहो' या गीताचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. त्याचा अर्थ 'जुनी वस्ती'. हे गीत चावेझ रविनचे नाही. ते ॲरिझोना राज्यातील तुसान या गेरेरो यांच्या जन्मगावच्या वस्तीचे आहे. तीही १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'नगर-नूतनीकरणा'च्या नावाखाली पाडली गेली आणि तेथे सभागृहांचे संकुल उभे राहिले. एका उद्ध्वस्त वस्तीच्या कथेत दुसऱ्या उद्ध्वस्त वस्तीचे गीत सहज सामावून जाते आणि श्रोत्याला शिवण दिसतही नाही. नकाशे वेगळे, वर्षे वेगळी, पण प्रक्रिया तीच, हे कोणत्याही भाष्याविना सिद्ध होते.

आक्षेपांचा विचार

अशा कलाकृतीवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते अगदीच दुर्लक्षणीय नाहीत. पहिला आक्षेप असा की, हे गरिबीचे उदात्तीकरण आहे. कच्चे रस्ते आणि अपुऱ्या सोयी यांत रम्य काय होते? आक्षेप योग्य ठरला असता, जर रहिवाशांसमोर कच्चे रस्ते की पक्के रस्ते असा पर्याय असता. त्यांच्यासमोर पर्याय होता तो गाव की गाव नाही, एवढाच. घराला नळ हवा म्हणणाऱ्याचे घरच काढून घेणे याला सुधारणा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप उपरेपणाचा आहे. कूडर मेक्सिकन वंशाचे नाहीत, त्या वस्तीचे तर नाहीतच. दुसऱ्याचे दुःख विकण्याचा त्यांना काय अधिकार? हा प्रश्न प्रत्येक संग्राहकाला विचारलाच पाहिजे. येथे उत्तर अल्बममध्येच ऐकू येते. बहुतेक ठिकाणी गाणारा कंठ त्या समाजाचा आहे, भाषा स्पॅनिश आहे, कालो आहे, आणि कूडर यांची गिटार पुष्कळदा मागे, साथीला आहे. ज्याच्या दुःखाची कथा आहे त्याला आसन देऊन स्वतः साथीला बसणे, ही उपऱ्याला शोभणारी एकमेव रीत होय.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. गाण्याने घर परत मिळत नाही. खरे आहे. विस्थापित कुटुंबे आणि त्यांचे वंशज स्वतःला 'लोस देस्तेर्रादोस', म्हणजे मातीतून उपटले गेलेले, म्हणवितात. मैदानालगतच्या एलिशियन पार्कमध्ये ते वर्षातून एकदा एकत्र जमत आले आहेत. जेथे घर होते तेथे जाता येत नाही, म्हणून शेजारच्या उद्यानात पंगत मांडावयाची! या दुःखाची भरपाई कोणत्याही अल्बमने होणार नाही. ते काम शासनाचे आणि न्यायाचे आहे. मात्र न्यायाची मागणी करण्यासाठीही आधी अन्याय आठवावा लागतो. 'येथे काहीच नव्हते' हे वाक्य जोवर प्रमाण मानले जाते, तोवर भरपाई मागावयाची तरी कशाची? ते वाक्य खोडून काढणे एवढेच कलावंताच्या हाती असते आणि ते कूडर यांनी निर्विवादपणे केले.

'लोपलेली' की 'लोपविलेली'?

मराठीत 'काळाच्या ओघात लोप पावले' असे म्हणण्याची सवय आहे. हा शब्दप्रयोग फार सोयीचा आहे. त्यात कर्ता काळ असतो आणि काळावर खटला भरता येत नाही. चावेझ रविनची कथा सांगते की, संस्कृतीचा मृत्यू पुष्कळदा दिनांकित असतो. जुलै १९५०, जून १९५८, ८ मे १९५९. कोणीतरी पत्र पाठविले, कोणीतरी मत दिले, कोणीतरी यंत्र सुरू केले. काळाने केवळ धूळ बसविली.

नगररचनेचे निर्णय घेणारे, त्यांना अनुमती देणारे आणि मुकाट्याने पाहत राहणारे या सर्वांनी हा अल्बम ऐकावा. पाडण्यापूर्वी पाहिले पाहिजे आणि पाहण्यासाठी टेकडी चढून वर गेले पाहिजे, एवढे तरी त्यातून ध्यानी येईल. सुशिक्षित कुटुंबांसाठी मात्र त्यातील दुसरा बोध अधिक निकडीचा आहे. प्रत्येक घरात कोणी आजी, कोणी दूरचे काका असे असतात, ज्यांच्या कंठात ओव्या आहेत, बलुत्यांच्या कामाचे शब्द आहेत, पाण्याखाली गेलेल्या किंवा रस्त्याखाली आलेल्या एखाद्या वाडीची नावनिशी आहे. त्यांच्यासाठी तीन वर्षांचा प्रकल्प किंवा नामवंत गिटारवादक लागत नाही. एक दुपार, एक ध्वनिमुद्रक आणि मध्येच न तोडता ऐकून घेण्याचा संयम पुरेसा आहे. लालो गेरेरो यांच्या बाबतीत ती दुपार अगदी थोडक्यात साधली. पुष्कळांच्या बाबतीत ती उद्यावर टाकली जाते आणि उद्या त्या घरी गेल्यावर दारात केवळ चपला काढून ठेवलेल्या आप्तांची गर्दी दिसते.